याकोबमामांचं नाक

याकोबमामा आमच्या स्वयंपाकघरात आले की आधी चपला काढत आणि मग दाराशीच ओणवे होऊन फरशीला नाक लावत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाला भोवळ आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर खालूनच आवाज आला, "पानी नगं, बाई. गॅस जड असतो, खाली बसतो. त्याला भेटाया खालीच जावं लागतं."

मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. ऐंशी मुलींचा स्वयंपाक आणि तीन मोठ्या भट्ट्या. प्रत्येक भट्टीत एक पायलट, म्हणजे करंगळीएवढी कायम जळणारी ज्योत. तिच्यावर मोठा बर्नर पेटतो. हे पायलट बसवायचं, तपासायचं काम मामांचं. बेलापूरहून जुन्या स्कूटरवर येत. पायलट पेटवला की त्याच्याजवळचा सेन्सर तापेपर्यंत नॉब दाबून धरावा लागतो, नाहीतर गॅस आपोआप बंद होतो. तेवढ्या वेळात मामा प्रभूची प्रार्थना म्हणून घेत आणि 'आमेन'ला बोट उचलत. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मामा, देवाला तरी कामाला लावू नका." तर म्हणाले, "जिवाचं काम हाय, बाई. त्यो पन हजर पायजे."

करोनातून मामा वाचले, पण वास गेला तो गेलाच. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एकदा नेहमीसारखे ओणवे झाले, "निर्मळ हाय" म्हणाले आणि लायटर उचलला. मी आणि स्वयंपाकाच्या बाई एकदमच ओरडलो, "मामा, थांबा!" त्या दिवशी पायलट विझलेले होते, एका भट्टीचा सेन्सर बिघडला होता, कुणीतरी तिचा नॉब अर्धवट सोडला होता आणि स्वयंपाकघरभर वास सुटला होता. मामांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पायरीवर बसले. "वर लेकरं हायती, वर लेकरं हायती," एवढंच म्हणत राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी भडकले. "माझ्या मुली जाळल्या असत्यात की हो!" असं बोलून गेले. ते वाक्य मला अजून खातं.

आठवडाभरात मामा स्वतः सगळीकडे फिरले. हॉटेलं, शाळा, देवळाली प्रवराचं मंगल कार्यालय. प्रत्येक ठिकाणी एकच निरोप, "माजं नाक गेलं. दुसरा मानूस बघा." मी फोनवर समजावून पाहिलं. साबणाचं पाणी आहे, गॅस हुंगणारी यंत्रं मिळतात. "साबनाचं पानी पायपाचा जोड दावतं, बाई. खोलीत साचलेला कोन दावनार? अन् यंत्राची बॅटरी कवा संपंल, कोन सांगावं?" मिसरूड फुटल्यापासून हेच काम केलेला माणूस तीन महिने ओसरीवर नुसता बसून होता.

मग एका सकाळी फाटकात स्कूटर थांबली. मागे सगुणामामी, त्यांची बायको. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत ती स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसली, पदर खोचला आणि फरशीला नाक लावलं.

"येतो का?"

"न्हाई."

"नीट बघ."

"अवो, न्हाई म्हनलं ना! लगीन झाल्यापासनं इस्वास न्हाई ह्या मानसाचा."

मग मामांनी लायटर पेटवला. पुढची दोन वर्षं दोघं असंच काम करत होती. गावात लोक हसायचे, 'मामांनी नाक कामाला ठेवलंय' म्हणायचे. मामाही हसायचे. "माज्यापरीस तिचंच नाक तिखट निगालं, बाई. आदी कळलं असतं, तर मी कशाला वाकलो असतो?"

मामी छातीत दुखण्याचं निमित्त होऊन तीन दिवसांत गेली. मातीला मी गेले होते. मामा रडले नाहीत, नुसते उभे होते. पुढे महिनाभरात आमचा एक पायलट विझला आणि मी, अक्कल गहाण टाकल्यासारखी, त्यांनाच फोन केला. ते आले, पण उंबऱ्यातच थांबले. मी हे एवढं शरीर घेऊन खाली वाकले, फरशीला नाक लावलं. "मामा, अजिबात वास नाही." ते आत आले, भट्टीपाशी बसले. लायटर हातात, पण हात पुढे जाईना.

"तुमच्यावर इस्वास हाय, बाई. तुमी खोटं न्हाई बोलत. पन हात उचलत न्हाई."

त्यांनी लायटर माझ्या हातात दिला. शेजारी बसून सांगत गेले आणि पायलट मी पेटवला. ज्योत जरा वेळ पाहिली, पाने-पकडीची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि निघाले. थांबा म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

मामा शेवटी तिसगावला लेकीकडे होते. ते वारल्यावर मी लेकीला भेटायला गेले, तेव्हा ती सांगत होती. ती स्वयंपाकाला उभी राहिली की मामा आतल्या खोलीतून विचारायचे, "वास येतो का गं?" ती नाही म्हणायची, पण समाधान व्हायचं नाही. "तुज्या आईला इचार," म्हणायचे. शेवटी एक दिवस तिला राहवलं नाही. ती त्यांच्याजवळ बसून रडत म्हणाली, "आई गेली न्हवं का, बाबा."

 मामा म्हणाले, "मंग पेटवू नगंस."

त्या दिवशी लेकीनं शेजारणीकडून भाकरी आणली.