ज्याला पाडलं, त्याची किक

मेश्राम सरांना प्रश्न विचारून गप्प बसता यायचं. वाचायला सोपं वाटतंय ना? करून बघा. पेशंट समोर आला की आम्ही बाकीचे फिजिओ "गुडघा दुखतोय? जिना चढताना? सकाळी जास्त?" अशी उत्तरांसकट सरबत्ती लावायचो, कारण बाहेर वेटिंग रूम तुडुंब. सर एवढंच विचारायचे, "काय होतंय?" आणि मांडीवर हात ठेवून बसून राहायचे. समोरची इंग्रज आजी आधी हवेबद्दल बोलायची, मग मांजराबद्दल, मग वेळेवर न येणाऱ्या बसबद्दल, आणि शेवटी बाथरूममध्ये पडल्याचं सांगायची, जे तिनं पोटच्या मुलीलाही सांगितलेलं नसायचं. मुलगी सोबत आली आणि आईच्या वतीनं बोलायला लागली, तर सर गोड हसून तिला थांबवायचे. "दुखतंय त्यांना ना? मग त्यांनाच सांगू द्या." इंग्रजीतच म्हणायचे, पण त्या इंग्रजीला अस्सल नागपुरी हेल होता.

मी ठाण्याहून इंग्लंडला, रीडिंग गावच्या हॉस्पिटलात आले तेव्हा सर तिथे मुरलेले होते. मला पहिल्या दिवशी त्यांनी कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि विचारलं, "इथं काहून आलीस?" मी व्हिसा, करिअर, एक्स्पोजर असं काहीबाही सांगितलं. ते गप्प. मग मला रडूच आलं. हा माणूस डेंजर आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. हे 'काहून' त्यांच्या तोंडात दिवसभर असायचं. लिफ्ट बंद का, ट्रेन लेट का, हे लोक चहात दूध आधी की नंतर यावर का भांडतात, सगळ्याचं काहून त्यांना हवं असायचं. गुगल केलेलं मात्र चालायचं नाही. माणसालाच विचारायचं.

एकदा एका बाईंनी रिसेप्शनला सांगितलं, मला इथला माणूस द्या, तो नको. आमची मॅनेजर लालबुंद झाली. "मी तुमच्या वतीनं बोलते," म्हणाली. सर म्हणाले, "थँक्यू, पण मला म्हणाल्या ना? मीच बोलतो." गेले, बसले, म्हणाले, "मीही इथलाच आहे. काय होतंय?" काय बोलणं झालं देव जाणे, पण बाई पुढच्या वेळेपासून त्यांनाच मागून घेत होत्या. नंतर मला म्हणाले, "लोक आयुष्यभर माझ्या वतीनं बोलत आलेत गं. वाईट बोलणारे सोड, चांगलं बोलणारेही माझ्या वतीनंच बोलले."

आता त्यांच्या वेडाकडे येते. आमच्या वॉर्डची सिस्टर पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरची. त्या बेटाचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. तिचा चुलतभाऊ तिथल्या राष्ट्रीय बीच सॉकर संघाचा कोच. बीच सॉकर म्हणजे वाळूवरचा फुटबॉल. एका बाजूला पाच जण, सगळे अनवाणी. युरोपातल्या एका स्पर्धेआधी हा संघ सरावासाठी इंग्लंडला येणार होता आणि त्यांच्या फिजिओचा व्हिसा अडकला होता. सिस्टरनं कॅन्टीनमध्ये बिचकत बिचकत विचारलं, तुमच्यापैकी कुणी फुकटात येईल का? सरांनी सँडविच खाली ठेवलं. "वाळूवर? अनवाणी? कंबर कशी टिकते त्यांची?" तिनं खांदे उडवले. "मग मलाच बघायला पाहिजे," म्हणाले. ॲन्युअल लीव्ह शिल्लक आहे का, हे त्यांनी होकार दिल्यानंतर तपासलं.

पुढचा गोंधळ त्या बेटावरच्या माणसांनाच जमेल. सरावासाठी त्यांनी दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात खोल्या बुक केल्या, बीचपासून दोन मिनिटांवर. बीच म्हटल्यावर वाळू आहे का, हे कोण विचारतं? त्यांच्याकडे तर दाराबाहेर पाऊल टाकलं की वाळूच. शनिवारी मी सरांना गाडीनं घेऊन पोचले, तर आख्खा संघ जाड जाकिटं घालून, अनवाणी, बटाट्याएवढ्या गोट्यांवर उभा. भर जुलैत दात वाजतायत. कोच खोल्यांच्या मालकिणीला विचारतोय, "पण बीच कुठे आहे?" ती म्हणतेय, "हा काय, तुमच्या पायाखाली!"

मी हसून हसून गाडीला टेकले. सर मात्र फोनला लागले होते. त्यांच्या एका पेशंटबाईंची तिथून जवळच घोडेस्वारीची शाळा होती. त्यांचा नवा खुबा सरांनी चालता केला होता. घोड्यांना फिरवायला तिथे वाळूचं मोठं रिंगण. झालं! रोज सकाळी आधी फावड्यानं लीद उचलायची, मग सराव. एक म्हातारा घोडा कुंपणावरून मान काढून सगळी प्रॅक्टिस बघायचा. मेश्राम काकूंनी रविवारी डबा भरून झणझणीत सावजी रस्सा पाठवला. पोरांनी घाम पुसत पुसत, बोटं चाटून तो संपवला. काकू मला म्हणाल्या, "माझा गुडघा सहा महिने ठणकतोय, त्याला हे कधी विचारत नाहीत. बेटावर जन्मायला पाहिजे होतं मी!" तेव्हापासून आम्ही सगळे सरांना 'बेटवाले' म्हणायला लागलो.

त्या रिंगणातच सरांना तो नियम भेटला. संघात एक वयानं मोठा खेळाडू होता, तिकडे बेटावर पोलिसात नोकरीला. आम्ही त्याला हवालदार म्हणायचो. त्याला कुणीतरी पाडलं. तो उठला, पायानं वाळूचा छोटा ढीग केला, त्यावर बॉल ठेवला आणि स्वतःच फ्री-किक मारली. बरीच बाहेर गेली. सरांनी लगेच कोचला गाठलं. "यानंच का मारली? तो उंच पोरगा तर कसला भारी मारतो!" कोचनं समजावलं. या खेळात ज्याला पाडलं, त्यानंच किक मारायची. दुसऱ्या कुणी नाही. आणि समोरच्यांनी गोलपुढे भिंत करून उभं राहायचं नाही. वाट मोकळी ठेवायची. फक्त पडलेला माणूस खेळूच शकत नसेल, तर त्याच्या जागी येणारा बदली खेळाडू मारतो.

सरांनी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. परत येताना हायवेवर त्यांनी गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "भिंत उभी करायची नाही, वैशाली. ऐकलंस का तू?"

पुढच्या रविवारी लंडनजवळ हाउन्सलोच्या विहारात वंदना झाल्यावर त्यांनी उभं राहून हा नियम सगळ्यांना सांगितला. नेहमी चहाकडे धावणारी मंडळी जागची हलली नाहीत. विमानतळावर कार्गोत उभी हयात काढलेले एक आजोबा म्हणाले, "सर, हा नियम केला कुणी?" सर म्हणाले, "माहीत नाही. पण ज्यानं केला, त्याला कधीतरी कुणीतरी पाडलेलं असणार." काय टाळ्या पडल्या! सगळ्यांना जयभीम करून सर खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

या संघानं तोवर एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकला नव्हता. एकही नाही. हरायचे, गाणं म्हणायचे आणि परत जायचे. हवालदार खरं तर निवृत्त व्हायचा, पण एक विजय बघूनच जाईन म्हणून अडून बसला होता. सरांनीही तेच मनात घेतलं. "हे पहिली मॅच जिंकतील ना, त्या दिवशी मी बेंचवर असणार," मला म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण बोलताना डोळे शाळकरी पोरासारखे चमकत होते. मी म्हटलं, "सर, असणारच तुम्ही."

स्पर्धेचे सामने काकू आणि मी त्यांच्या घरी लॅपटॉपवर बघितले. शेवटचा सामना म्हणजे जिवाला घोर होता. एका गोलनं मागे, मिनिटभर उरलेलं, आणि हवालदाराला गोलसमोरच आडवं केलं. फ्री-किक! तो वाळूत पडून घोटा धरून होता. सर बॅग घेऊन धावले. आणि कॅमेऱ्यात कोच दिसला. तो स्वतःच्या घोट्यावर थापा मारत सरांना खुणा करत होता. बेंचवरून तो उंच पोरगा जाकीट काढून उभा राहिला होता. काकूंनाही कळलं. "लागलंय म्हणा, आणि त्या उंचाला आत घ्या, असं सांगतोय का हो तो?" हो, तसंच सांगत होता.

सर वाळूत गुडघे टेकून बसले. घोटा वळवून बघितला. मग हात मांडीवर ठेवले आणि काहीतरी विचारून गप्प बसले. लाखमोलाचे सेकंद चाललेत आणि हा माणूस गप्प! हवालदारानं आधी बेंचकडे बघितलं, मग सरांकडे, आणि उठून उभा राहिला. सरांनी रेफरीला अंगठा वर करून 'ठीक आहे' अशी खूण केली. हवालदारानं वाळूचा ढीग केला, बॉल ठेवला आणि मारला. खांबाला लागून बाहेर. सामना गेला.

सर परत आल्यावर मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. "अहो सर, एक शब्द बोलायचा होता! कुणाचं काय नुकसान होणार होतं?" ते म्हणाले, "घोट्याला काही झालं नव्हतं. मी त्याला विचारलं, काय करायचं? तो म्हणाला, माझी आहे, मीच मारतो." मी म्हटलं, "आणि बरोबरी होऊन पुढे जिंकले असते, त्याचं काय?" परतीच्या विमानात कोच त्यांच्या शेजारी बसला नव्हता, हे मला काकूंकडून कळलं.

मग सुरू झालं वाट बघणं. पुढच्या उन्हाळ्याची लीव्ह सरांनी जानेवारीतच बाजूला ठेवली. फोन वाजला की खिशाकडे हात. कोचची ती चुलतबहीण, आमची सिस्टर, कॅन्टीनमध्ये लांबच्या टेबलावर बसायला लागली. अशा गोष्टी माणसाला समजतात. तरी ते रोज तिला हात करायचे.

मे महिन्यात एका रविवारी दुपारी त्यांच्या किचनमध्ये आम्ही जेवत होतो आणि कोचचा फोन आला. सरांचे हात बरबटलेले, म्हणून काकूंनी स्पीकर लावला. कोच गोड बोलला. पोरं तुमची आठवण काढतात, या वर्षी आमची तयारी जोरदार आहे, तुम्ही हवेच. फक्त एक. "मी खूण केली की तुम्ही ऐकायचं." सरांनी विचारलं, "का?" कोच म्हणाला, "कारण आम्हाला एकदा तरी जिंकायचंय. तुम्ही बेटावर राहत नाही, तुम्हाला नाही कळणार." मी मनात म्हणत होते, हो म्हणा, सर, हो म्हणा. ते म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण मला ते जमणार नाही. पोरांना बेस्ट ऑफ लक सांगा."

फोन बंद झाल्यावर काकू वैतागल्या. "गेला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?" सर म्हणाले, "काही नाही." आणि ताटावर मान घालून रडायला लागले. पन्नाशी ओलांडलेला पुरुष असा उघड रडताना मी तोवर पाहिला नव्हता. काकूंनी आणखी एक भाकरी आणून वाढली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सर जाऊन आता वर्ष होईल. झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. विहारात लोक त्यांच्याबद्दल बोलले, त्यांची हुशारी, त्यांची सेवा. सगळं खरं होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक दुपार होती. त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही लावून आम्ही तिघं त्या संघाचा सामना बघत होतो.

बरोबरी झालेली. शेवटची मिनिटं. हवालदाराला पुन्हा पाडलं, उजव्या पायाला लाथ बसली. एक नवा फिजिओ आत धावला, लगेच हातांनी नाही नाही अशी खूण केली, आणि हवालदाराला दोघांच्या खांद्यांवर लंगडत बाहेर नेलं. तो उंच पोरगा आत आला. ढीग, बॉल, किक, गोल! शिट्टी वाजली. जिंकले! आयुष्यात पहिल्यांदा जिंकले! काकू किंचाळल्या, मी सोफ्यावर चढले, सर टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नुसता आनंद होता तो, शप्पथ. सगळा संघ, कोचसकट, वाळूत एकावर एक पडून लोळत होता.

मग कॅमेरा बेंचकडे वळला. सर टाळ्या वाजवायचे थांबले.

"उजवा पाय होता ना गं?"

"हो, उजवाच."

हवालदार बेंचवर एकटा बसला होता. डाव्या घोट्यावर बर्फाची पिशवी. समोर त्याचे सगळे दोस्त नाचत होते, त्याला हाका मारत होते, आणि तो हसून नुसता हात हलवत होता.

"बघ ना," सर म्हणाले. "इतकी वर्षं थांबला होता तो यासाठी. काही झालेलं नाही त्याला, आणि उठून नाचता येईना."