खाजा टेलरने समजावलेली लढाई

शिंदखेड्यात कुणालाही विचारा, सुदानमध्ये लढाई का लागली? तो तुम्हाला खाजा टेलरकडे धाडेल. आणि खाजाकडे गेलात की मेलात! खार्तूमला अकरा वर्षं शिवणकाम करून आलेला माणूस तो, त्याला आवरणार कोण?

"दोन जनरल होते. गळ्यात गळे घालून फिरायचे. दोघांनी मिळून तिसऱ्याला खुर्चीवरून ओढलं. मग प्रश्न आला, आता दोघांत मोठा कोण? झालं, सुरू!"

लोकांना पटायचं नाही. एवढ्यासाठी लाखो माणसं घरदार सोडून पळतात होय? खाजा पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. त्याची बायको हसीनाबी कपाळाला हात लावायची, पण हा एवढं का बोलतो ते तिला ठाऊक होतं. त्याच्या खार्तूमच्या दुकानाचा मालक उस्मान तिकडेच राहिला होता. लढाई पेटली तेव्हा उस्माननेच त्याला गाडीत घालून बसपर्यंत पोचवलं. वाटेत नऊ ठिकाणी बंदूकवाल्यांनी अडवलं, "तुम्ही कोणाकडचे?" नऊही वेळा उस्मान म्हणाला, "आम्ही शिंपी." खाजा जहाजाने सुटला. उस्मान बायकोसाठी माघारी फिरला, त्याला दीड वर्ष झालं होतं. खाजा रोज सकाळी मोबाइलवर सलाम पाठवायचा आणि रोज एकच टिक पडायची. उस्मान जिवंत आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

गेल्या थंडीत नवल पाटलाच्या मळ्यात भरताची पार्टी ठरली. नवल वांगी भाजणार, त्याचा चुलतभाऊ वना काठवटीत ठेचणार, अशी पंधरा वर्षांची जोडी. गप्पा सुदानवर आल्या. कुणीतरी म्हणालं, कारण काही डोक्यात शिरत नाही बुवा.

"मग करूनच दाखवतो!" खाजाला चेव आला. "नवलभाऊ, तू एक जनरल. वनाभाऊ, तू दुसरा. आता सांगा, हे भरीत कोणाचं?"

चुकला की हो खाजा! अहो, खानदेशी माणसाच्या कपाशीला नावं ठेवा, बैलाला ठेवा, तो ऐकून घेईल. पण भरीत त्याचं नाही म्हणून तर बघा!

"भाजनारना हातमा चव ऱ्हास," नवल म्हणाला. "ठेचाले काय, कोनी बी ठेची!"

"आनि मिरच्या कोन कुटस? तुन्हा बाप?"

वनाने मुसळ उचललं आणि बांधापलीकडे वेगळी चूल मांडली. मंडळी फुटली. कांद्याची पात नवलकडे राहिली, तेलाचा डबा वनाकडे गेला. भाकऱ्यांची टोपली नवलच्या बायकोच्या, मंजुळाबाईच्या मांडीवर. तिने दोघांनाही तुकडा दिला नाही. घ्या, तिसरी फौज! इकडे वांग्यांचा कोळसा होत होता, तिकडे बघतंय कोण? खाजा तर हसून हसून आडवा झाला होता.

नवलने येऊन त्याची बाही धरली. "हसस काय? तू कोनाकडे, सांग!"

खाजाचं हसू तिथंच थांबलं.

"असंच इचारेत रे उस्मानले," तो म्हणाला, आणि त्याला हुंदकाच फुटला. "जिता शे का नही, माले तेच माहीत नही."

वनाने मुसळ खाली ठेवलं. मंजुळाबाईने मुकाट भाकऱ्या वाटल्या. कोळशातून जेवढं वांगं निघालं तेवढं दोघा भावांनी एकाच काठवटीत ठेचलं. कडू जहर झालं होतं. सगळ्यांनी वा वा करत संपवलं.

आठवड्याने दुपारी नवल पँटचं माप द्यायला दुकानात आला होता. खाजाचा मोबाइल वाजला. सलामावर दोन टिका, आणि खाली उस्मानचा आवाज! खाजाने फोन कानाला दाबून धरला. उस्मान अरबीत बोलत होता. तो सरहद्दीपलीकडच्या छावणीत पोचला होता. बायको वाटेतच गेली. "मशीन मिळालं, खाजा. काम पुष्कळ आहे. दिवसभर कफनं शिवतो. मापं घ्यावी लागत नाहीत."

"काय म्हनस?" नवलने विचारलं. "जिता शे ना?"

"शे," खाजा म्हणाला. "काम बी भलतं शे म्हने."

"मंग रडस कसाले, येड्या?"

खाजाने त्याच्या कमरेला टेप गुंडाळली. तीनदा गुंडाळली, पण आकडा काही केल्या त्याला वाचता येईना.