सांगून ठेवलेलं मरण

गोरक्षनाथ आबांनी बांधावरची वाळलेली बाभळ पाडून घेतली आणि तिचे ओंडके गोठ्यामागच्या पत्र्याखाली रचले, तेव्हा सुनेला वाटलं, पावसाळ्याच्या सरपणाची सोय चाललीय. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आबा, गॅस असताना एवढं कशाला?" आबा म्हणाले, "चुलीसाठी न्हाईत. माझ्यासाठी हायती." तिला आधी उमगलं नाही. उमगलं तेव्हापासून गोठ्यात जाताना त्या बाजूनं जायचं तिनं सोडून दिलं.

आबांचं गाव नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी. जन्मभर ते कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या चारीला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे त्यांच्या हातात असायचं. पाण्यापायी सख्खे भाऊ एकमेकांवर फावडी उगारतात हे त्यांनी फार पाहिलं होतं. त्यामुळं वेळ येण्याआधीच सगळ्यांना एका जागी बसवायचं आणि पाण्याची पाळी ठरवून टाकायची, ही सवय त्यांच्या हाडात मुरली होती. मरणाचंही त्यांनी तसंच करायला घेतलं. जमीन अमृत आणि रेश्मा या दोन्ही लेकरांना विचारून त्यांच्या नावावर करून दिली. दहाव्याला गावजेवण घालायचं नाही हे भावकीला सांगितलं. गावच्या स्मशानात पावसाळ्यात ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून माणूस जाळताना त्यांनी पाहिलं होतं, म्हणून ती बाभळ. नगरच्या डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलं होतं. ते ऐकून आबांना भीती वाटली नव्हती. आपणही थकलोय, एवढंच वाटलं होतं.

पण ज्या गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं, तिला मात्र ते हात घालत नव्हते.

तीन वर्षांमागं त्यांची बायको पुष्पावती नगरच्या एका दवाखान्यात गेली. म्हणजे जीव घरी येऊन गेला, पण गेली ती तिथंच. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तोंडात नळी घातलेली, हात पलंगाला बांधलेले. आबा एकदा काचेतून बघून आले आणि गाई-म्हशींचं निमित्त करून गावाकडं परतले. रेश्मा नगरातच राहायची. तीही पोरांचं बघायला घरी गेली होती. नेमकं तेव्हा डॉक्टरांनी अमृतला बाजूला घेऊन विचारलं, की सुधारणा होईल असं दिसत नाही, मशीन चालू ठेवायचं की घरी न्यायचं, तुम्ही सांगा. अमृत बराच वेळ जिन्यात बसून राहिला आणि मग घरी नेतो म्हणाला. ॲम्ब्युलन्स दारात आली, ओसरीवर नळी काढली, आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात सगळं संपलं.

रेश्मा तेव्हा भावाला एवढंच म्हणाली होती, "मला इचारायचं तरी." पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. राखीला येत राहिली, ओवाळत राहिली. पण अमृत बदलला.  नगरला कामानिमित्त गेला तर तो दवाखाना टाळण्यासाठी लांबच्या रस्त्यानं जायचा. आबांना हे सगळं दिसत होतं. काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून ते लाकडं वाळवत होते.

भाद्रपदात पावसाची झड लागली आणि शेजारच्या बिभीषणची छाती दुखायला लागली. पित्त असेल म्हणून पोरांनी सोडा पाजला. दिवस मावळायच्या आत तो गेला. गावात कोरडं लाकूड कुठंच नव्हतं. आबांनी अमृतला ट्रॅक्टर जोडायला सांगितला आणि पत्र्याखालची सगळी बाभळ भरून दिली. अमृतनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. आबा म्हणाले, "त्याला आज लागतीया."

बिभीषणच्या ओट्यावर आबा चार दिवस बसायला जात होते. येणारा प्रत्येक माणूस टेकायच्या आत विचारायचा, नगरला का नाही नेलं? थोरला पोरगा धाकट्याकडं बघायचा, धाकटा थोरल्याकडं. चौथ्या दिवशी दोघं मांडवातच एकमेकांना भिडले. आबा उठून घरी आले आणि बाजेवर पडून राहिले. आपण भलत्याच गोष्टीची तयारी करत बसलो, असं त्यांना वाटलं. लाकडं काय, कोणीही देतं.

भाऊबीजेला रेश्मा आली. दुपारची जेवणं उरकल्यावर आबांनी लेकीला, लेकाला आणि सुनेला ओसरीवर बसवलं आणि सावकाश सांगितलं. आजारी पडलो तर दवाखान्यात न्या, सलाईन लावा, दुखत असेल तर इंजेक्शन द्या. "पन मशीनवर ठिवायचं का म्हून डाक्टर इचारंल, तवा न्हाई म्हनायचं. नळी घालू द्यायची न्हाई. मला घरी आनायचं. हे अमृतनं ठरवल्यालं न्हाई अन् रेश्मानं बी न्हाई. हे मी ठरवलंय. तुमी नुसतं माझं सांगनं पोचवायचं."

रेश्माला ते सहन झालं नाही. ती म्हणाली, की तुम्ही मोकळे झालात, आम्ही काय हात बांधून बघत बसायचं? माणूस वाचत असेल तरी? आबा म्हणाले, वाचत असेल तर डॉक्टर वाचवतील, त्याला मी कुठं अडवतोय. ती तोंड फिरवून बसली.

अमृत खाली बघत होता. तसाच खाली बघत तो बोलला.

"आईला अजून दोन दिस ठिवलं असतं तर तिनं डोळं उघडलं असतं का, हे मला अजून कळत न्हाई."

 आबा म्हणाले, "मी तिथं असतो तरी घरीच न्या म्हनलो असतो."

"मग तवाच का न्हाई म्हनला, आबा?"

 आबा म्हणाले, "म्हनायला पायजे हुतं." मग त्यांना दम लागला आणि ज्ञानेश्वरीनं पाणी आणून दिलं. रेश्मा उठली आणि भावाजवळ जाऊन बसली. 

दुसऱ्या दिवशी आबा काठी टेकत डेअरीवर गेले आणि दूध घालायला आलेल्या सगळ्यांना तेच सांगून आले. काही जण हसले. आबांनी हसू दिलं. माझ्या पोरांना उद्या कोणी बोल लावायचा नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

मार्गशीर्षात आबा मोरीत पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नेवाशाला नेलं, तिथून नगरला. आबांच्या कानावर सगळं पडत होतं. आठवडाभरात श्वास अडखळायला लागला आणि डॉक्टर मशीनचं बोलले. तेव्हा अमृतचा आवाज आला, सलग. "वडलांनी न्हाई म्हून सांगितलंय." रेश्मा तिथंच होती. ती रडत होती, पण तिनं भावाला अडवलं नाही.

घरी आणल्यावर दोन-चार दिवसांचंच काम, असं सगळे धरून चालले होते. पण श्वास आपोआप रुळावर आला आणि आबा टिकले. पौष लागला तरी टिकले. याची तयारी त्यांनी केली नव्हती. ज्ञानेश्वरी पहाटे उठून गोठा उरकायची, मग त्यांना पुसून काढायची, कूस बदलून द्यायची, चमच्यानं पेज भरवायची. उचलून उचलून दुखावलेल्या तिच्या मनगटाला पट्टा बांधलेला त्यांना दिसायचा. आपण सगळी पाळी लावून दिली आणि सगळ्यात मोठा भार हिच्या अंगावर टाकला, असं त्यांना वाटायचं. ते सांगायला जीभ नव्हती. एकदा त्यांनी डाव्या हातानं तिचा पट्टा धरला. तिला वाटलं पाणी हवंय. तिनं पाणी पाजलं.

रेश्मा रविवारी यायची आणि त्यांच्या तळपायांना तेल चोळायची. एका रविवारी ती चोळता चोळता म्हणाली, "आबा, मला तुमचा राग आलाय. अजून हाय." आबांनी डोळे मिटून घेतले. तिचे हात थांबले नाहीत, तेवढं त्यांना पुरे होतं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी अमृत डेअरीवरून परतला आणि रिकाम्या किटल्या पालथ्या घालून आबांजवळ येऊन बसला. त्यांचा श्वास लांबत चालला होता. त्यानं ज्ञानेश्वरीला हाक मारली, रेश्माला फोन लावून तो आबांच्या कानाशी धरला. फोनमध्ये रेश्मा काय बोलली ते अमृतनं ऐकलं नाही. बोलणं संपलं, आबांचा श्वास थांबला, तरी तो फोन तसाच धरून बसला होता. मग ज्ञानेश्वरीनं त्याचा हात हळूच खाली घेतला.