उजवीकडचं

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून "हे एक, आणि हे दुसरं" असं सांगितलं, तेव्हा मी आधी चिडलेच. आमचा संसार म्हणजे हेब्बाळजवळची भाड्याची दीड खोली. हे पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. उजाडताच बाहेर पडणार आणि दिवेलागणीनंतर परत येणार. एक मूल कुठे निजवायचं याचा पत्ता नव्हता आणि ही दोघं जोडीने हजर. परतताना बसमध्ये हे म्हणाले, "बरंच झालं. एकमेकांना सांभाळतील, तुला काही करावंच लागणार नाही." मला हसू आलं. संसारातलं यांना तेवढंच कळत असे. घर येईपर्यंत माझा राग ओसरला होता आणि मी मनातल्या मनात खाटेची जागा बदलत होते.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीत नर्स पोटावर यंत्र फिरवून ठोके शोधायची. एक डावीकडे, एक उजवीकडे. सापडले की तिथे बॉलपेनने बारीकशी फुली मारायची, म्हणजे डॉक्टरीणबाईंना पुन्हा शोधाशोध नको. त्या दोन फुल्या घेऊन मी घरी यायची आणि आंघोळ करताना त्यांच्यावर साबण लावायची नाही. डावीकडचं अवखळ होतं, सारख्या लाथा झाडायचं. उजवीकडचं शांत. मी डाव्यावर करवादायची आणि उजव्याला समजूतदार म्हणायची. समजूतदार माणसाचे या जगात काय हाल होतात ते मला ठाऊक होतं, म्हणून त्याचा कैवार घ्यायचं मी आधीच ठरवून टाकलं होतं.

सहावा संपता संपता नर्सने डावीकडे फुली मारली आणि उजवीकडे नुसतंच यंत्र फिरवत राहिली. मग डॉक्टरीणबाईंनी फिरवलं. मग पुन्हा सोनोग्राफी. एकाचे ठोके थांबले होते. दोघांच्या पिशव्या वेगळ्या आहेत, त्यामुळे दुसऱ्याला धोका कमी, असं त्यांनी समजावून सांगितलं. काढायचं काही नाही, बाळंतपणात दोन्ही बरोबरच येतील. "आता जे आहे त्याच्याकडे लक्ष द्या," त्या म्हणाल्या.

हेच वाक्य बाहेरच्या बाकावर यांनी म्हटलं, आणि घरी आल्यावर पुन्हा म्हटलं. मला त्याचा असा संताप यायचा. जे आहे म्हणजे काय? उजवीकडचंही होतंच की. माझ्याबरोबर भाजी आणायला येत होतं, जिना चढत होतं, माझ्याच कुशीवर निजत होतं. फक्त त्याच्यासाठी कुणी रडायला तयार नव्हतं. "बाळंतपण होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही," यांनी बजावलं. "तुझी आई हाय खाईल." यांचाही चेहरा उतरला होता, नाही असं नाही. पण यांना रोज कारखान्यात निघून जाता येत होतं.

खाली घरमालकीण राहत असत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी बोलताना मधूनमधून कानडी शब्द. सगळे त्यांना अक्का म्हणत. सातव्यात त्यांनी माझ्या डोहाळजेवणाचा घाट घातला. आईला साताऱ्याहून बोलावून घेतलं, चिकपेटेच्या बाजारात जाऊन हिरवी साडी आणली आणि सोबत दोन झबल्यांचं कापड, एकाच ताग्यातलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं की हे माझ्याकडे बघायचे, आणि मी तोंड मिटायची.

त्या दिवशी दुपारी मला फुलांचे दागिने घालून बसवलं, गाणी सुरू झाली. बायका येऊन पोटावर हात ठेवत होत्या. डावीकडे लाथ बसली की खूश होऊन ओरडत. कुणाचा हात उजवीकडे वळला की मी हळूच सरकून बसायची.

मग वाट्या आल्या. आमच्यात गरोदर बाईपुढे दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी. तिने एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. अक्कांनी माझ्यापुढे चार ठेवल्या होत्या आणि आपल्या युक्तीवर त्या भारी खूश होत्या.

"दोन उघड गं. स्वल्प विचार करून उघड."

मी एक उघडली. पेढा निघाला. बायका हसल्या.

"सरी, बरं. आता दुसरी."

माझा हात पुढे जाईना. खोटं वागणं मला जमलं नसतं असं नाही, इतके दिवस तेच चाललं होतं. पण त्या झाकणाखालून जे निघेल ते तोंडात घालून हसायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

"दुसरं नाहीये, अक्का," मी म्हटलं. "गेलं. पोटातच आहे, पण गेलं."

गाणं अर्ध्यावर थांबलं. अक्कांनी उरलेल्या वाट्या उचलून आत नेल्या. शेजारची एक बाई जवळ येऊन म्हणाली, "असू दे बाळ. एक सुखरूप आहे ना? जे आहे त्याच्याकडे बघ." फिरून तेच. मी उठायलाच लागले होते, तेवढ्यात आई माझ्या शेजारी येऊन बसली. आता ही का लपवलंस म्हणून बोलणार, असं मला वाटलं.

"कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"उजव्या."

तिने माझा पदर सारला आणि उजवीकडे आपला तळवा ठेवला, निजलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. तिथे काही हलणार नव्हतं, हे तिला कळत होतं. डावीकडच्याच्या लाथा चालूच होत्या, तिकडे तिने बघितलंही नाही.

"माझं नातवंड आहे ते," ती त्या बाईला म्हणाली. "त्याला भेटू दे मला."

मग मी रडले, मोठ्याने, त्या फुलांच्या दागिन्यांसकट. तीही रडली. आत पानं वाढली गेली, कुणीतरी हलक्या आवाजात आईला जेवायला बोलावून गेलं. सगळ्या बायका जेवून घरी जाईपर्यंत तिने हात काढला नाही.