दोघांना ओढेल असं इंजिन

अर्धांगाच्या झटक्यानं आबांचा डावा पाय लुळा पडला आणि त्यांची टू-स्ट्रोक मोटारसायकल पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पडली. त्याच गाडीवर आईला मागे बसवून त्यांनी एरंडोलकडच्या शेताची वाट उभी हयात तुडवली होती. आता मेहरूणच्या घरात खुर्चीवर बसून ते दाराकडे बघत राहायचे, आणि मला ते बघवत नसे.

दोन चाकांवर तोल जातो तर चार लावू, म्हणून मी एका वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा करून घेतला. त्यात त्याच मोटारसायकलचं इंजिन बसवलं, गिअरसाठी हाताचा दांडा लावला, मागे एक सीटही ठेवली. गाडी शेतात नेऊन उभी केली तेव्हा माझी छाती फुगली होती. आबांनी दोन दिवस चालवली आणि निकाल दिला, "यामा दम नही शे."

माझं डोकं फिरलं. एकटा माणूस नाल्याचा चढ मजेत चढत होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. ते गाडीला पुन्हा हात लावेनात. शेवटी मीच नमतं घेऊन विचारलं, नेमकं बिनसलंय काय. तेव्हा हळूच म्हणाले, "मी एकला जाईसन काय करू?"

मी नसताना त्यांनी आईला मागच्या सीटवर बसवून पाहिलं होतं. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं, आई उतरली आणि चिखलातून पायी वर गेली. मला फार वाईट वाटलं.

धुळ्याचे एक मेकॅनिक चाचा ती मोटारसायकल नवी होती तेव्हापासून तिचं काम बघत. गोणीत इंजिन आणि भाड्याच्या जीपमध्ये आबा घालून मी त्यांच्याकडे गेलो. चाचांनी उपाय सांगितला. पिस्टनला हलवणाऱ्या क्रँकची पिन मध्यापासून थोडी लांब न्यायची, म्हणजे पिस्टन जास्त खाली-वर जातो आणि ओढ वाढते. कनेक्टिंग रॉडही लांब घालायचा, म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला कमी घासतो. पण मग पिस्टन वरच्या झाकणावर, हेडवर आदळणार, म्हणून सिलिंडरखाली ॲल्युमिनियमची प्लेट घालून तो उचलायचा. खरी गोम त्या प्लेटच्या जाडीत. जाड झाली तर दम जातो, पातळ झाली तर पिस्टन फुटतो.

आबा स्टुलावर बसून पातळ प्लेटसाठी भांडत होते, चाचा जाड प्लेटसाठी. दोघांचा चहा निवला तरी माघार कोणी घेईना. मग चाचांनी आबांची पातळ प्लेट बसवली, प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घातली आणि इंजिन हातानं फिरवलं. बाहेर आलेलं तारेचं टोक कागदासारखं चपटं झालं होतं. हे चाललं तर चढावर फुटेल, म्हाताऱ्या, मागे भाभी बसलेली असेल, असं चाचांनी सुनावलं. आबांनी ती चपटी तार बोटांनी चाचपली आणि जाड प्लेटला मुकाट मान डोलावली. उभ्या जन्मात त्यांना वाद सोडताना मी तेवढंच पाहिलं.

इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा घोगरा झाला, पण दोघांना घेऊन गाडी चढ चढली. आई मागून हळू, हळू म्हणत होती आणि आबा मुद्दाम ॲक्सिलेटर पिळत होते. पुढची तीन वर्षं ती दोघं रोज तशीच गेली. त्या घोगऱ्या आवाजाइतकं सुख मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही.

आबा गेल्यावर गाडी पुन्हा शेडमध्ये जाणार असं मी धरून चाललो होतो. दिवसकार्य उरकल्यावर आईनं मला गिअर शिकवायला लावलं. आता ती स्वतः चालवते, सत्तरीच्या वयात, पदर खोचून. परवा शेताच्या वाटेवर मी सहज मागच्या सीटवर बसायला गेलो. तिनं मान वळवली, गाडी चालूच ठेवली.

"तू पायी ये," ती म्हणाली. "मांगली जागा मनी शे, तुनी नही."