टिश्यूच्या बारा पुड्या

मंडळी, आज दुपारी हाँग लिम पार्कात जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सिंगापुरात नाव नोंदवून जाहीर भाषण करता येतं ती ही जागा. सत्तरीचे एक चिनी अंकल लाल टाय लावून स्टुलावर उभे होते. समोर गवतावर टिश्यूच्या बारा पुड्या ओळीने मांडलेल्या आणि माणूस एकही नाही! तरी त्यांच्या लहानपणीच्या, आता बुजवून टाकलेल्या समुद्रकिनाऱ्याबद्दल ते असे खणखणीत बोलत होते, की मला लाटा ऐकू यायला लागल्या. ऑफिसात दहा जणांपुढे बोलायचं तर मी कागदावरून वाचून दाखवतो!

मी बसणार तेवढ्यात लेकीने मागे ओढलं. "बाबा, नको लाह! चोप केलंय!" हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, टेबलावर टिश्यू ठेवला की जागा धरली, म्हणजेच 'चोप' केली, हे ती इथेच शिकलीय. आम्ही अर्धा तास उभ्यानेच ऐकलं.

शेवटी मी विचारलं, "अंकल, तुमची माणसं आली नाहीत?"

ते खाली उतरले आणि दोन पुड्या उचलून आमच्या हातात ठेवल्या.

"आली की आज. सहा वर्षं, दर शनिवारी, धरून ठेवल्या होत्या या जागा."

अजून दहा शिल्लक आहेत. येत्या शनिवारी कोण कोण येतंय?