मोठा मॅग्नेट अजून गार व्हायचाय

आधी तक्रार. केळुसकर साहेबांच्या साठीचा अंक काढणाऱ्या मंडळींनी निरोपाचे हारसुद्धा सांगून ठेवलेत. साहेब आता मुलाकडे नाशिकला जाणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलंय. अहो, मोठा मॅग्नेट अजून गार व्हायचाय. त्यांना घालवायची एवढी घाई कुणाला झालीय?

आता नमस्कार.

माझी नात मुग्धा साहेबांच्या हाताखाली काम करते. पोरीला रविवारीही बोलावतात म्हणून भांडायला मी मद्रासला, अड्यारच्या त्यांच्या ऑफिसात गेले, तीच पहिली ओळख. साहेबांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली, मी दमेपर्यंत ऐकून घेतलं. मग काम समजावलं. सूर्यात असते तसली आग इथे पेटवायची. ती कुठल्याच भांड्याला सोसायची नाही, म्हणून मॅग्नेटच्या जोरावर अधांतरी धरायची. आणि त्या मॅग्नेटच्या तारेतून वीज बिनअडथळा जायची, तर तार हेलियमने उणे दोनशे साठाच्याही खाली गार ठेवायची.

"म्हणजे आगीशेजारी गारठा बसवायचा, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही?" मी विचारलं.

"काकू, आमच्या जाडजूड अहवालात एवढंच असतं," ते म्हणाले. माझं भांडण तिथेच राहिलं.

साहेब काय चीज आहेत ते कळलं आयुधपूजेनंतर. मद्रासेत त्या दिवशी रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. मुग्धानेही लावलं, पण कुठे? छोट्या चाचणी-मॅग्नेटच्या नळीच्या उघड्या जोडावर, जिथे सील बसतं तिथेच. जोड आवळला गेला. गरम असताना काही कळलं नाही. गार होऊन धातू आखडला, तसा हेलियम निसटायला लागला. दिल्लीचे पाहुणे यायचे होते. संचालक म्हणाले, रेटा. साहेबांनी ऐकलं नाही. गार करणं थांबवून सगळं पुन्हा गरम करायला लावलं, तेही सावकाश. पाहुणे आले ते बंद मॅग्नेट बघून गेले.

जोड उघडला, तर आत पिवळा ठिपका. मुग्धाचं तोंड पांढरं पडलं, नोकरी गेलीच म्हणून. हे कुणी केलं, संचालकांनी विचारलं.

"आवळण्याआधी जोड तपासणं माझं काम होतं. मी तपासला नाही," साहेब म्हणाले, आणि स्वतःच पुसायला बसले. पूजा बंद केली नाही. चंदन फक्त बाहेरच्या दाराला लावायचं, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या खेपेला तो मॅग्नेट गार करताना मलाही बोलावणं आलं. टी. नगरात घेतलेलं कोरं लुगडं नेसून गेले. पडद्यावर तारेच्या अडथळ्याचा आकडा हळूहळू उतरत होता. मग पायरी चुकावी तसा धाडकन पडला, थेट शून्यावर. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. "पाट्टी, पारुंग," वेल्डर मला आजी, बघा बघा म्हणत हलवत होता. या वयात माझ्या अंगावर काटा आला. साहेब मात्र जोड गळत नाही ना, तेच विचारत फिरत होते.

साहेब, दात, डोळे, गुडघे सगळे शाबूत ठेवून शंभरी गाठा. पण मोठ्या मॅग्नेटचे जोड अजून आवळायचेत. तुम्ही गेलात की रेटा म्हणणारे उरतील, थांबा म्हणणारं कोणी नाही. तेव्हा राहणार की जाणार ते सांगा. उत्तर अंकाच्या समितीने द्यायचं नाही, चिरंजीवांनी नाशिकहून फोनवर द्यायचं नाही. तुम्ही द्यायचं, मुग्धाला, समोर उभं राहून.